टोपी धुवावी कशी, बसवावी कशी?

लग्नाहून परतलेल्या माणसाची टोपी पाहिली की तो कोठे जाऊन आला हे विचारावे लागत नाही. कडेला हळदीचे बोट उमटलेले असते, पुढच्या बाजूस कुंकू सांडलेले असते आणि आतल्या पट्टीवर दिवसभराच्या घामाची ओल असते. सोलापूर जिल्ह्यात पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीने करण्याची रीत आहे. मानाची ती कोरी टोपी पहिल्याच दिवशी डागाळते आणि दुसऱ्या दिवशी धुण्यात येते. मग एक चमत्कार घडतो. पिवळ्या डागावर साबण फिरवताच तो डाग लाल होतो! घरातली माणसे साबणाला दोष देतात. पण दोष साबणाचा नाही आणि हळदीचाही नाही. दोघे आपापल्या स्वभावाप्रमाणेच वागलेले असतात.

हा स्वभाव ओळखून माणसाने एक उद्योगच उभा केला आहे. दौंड-सोलापूर लोहमार्गावरील केम हे करमाळा तालुक्यातील गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. आणि कुंकवाचे पारंपरिक मूळ द्रव्य आहे हळद. पिवळ्या हळकुंडातून लाल कुंकू निघते कसे, हे समजले की टोपीवरचा डागही समजतो.

हळद लाल का होते?

हळदीचा पिवळा रंग करक्युमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने डाग जात नाही. आम्लात किंवा साध्या पाण्यात ते पिवळे राहते. साबण, धुण्याचा सोडा, चुना हे पदार्थ मात्र आम्लारिधर्मी आहेत. ते करक्युमिनच्या रेणूतील हायड्रोजनचा अणुकेंद्र काढून घेतात. त्यामुळे रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि त्याबरोबर रेणू कोणता प्रकाश शोषतो हेही बदलते. पिवळा डाग जांभळा-निळा प्रकाश शोषत होता, तो आता निळा-हिरवा प्रकाश शोषू लागतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना तांबडा दिसतो. भरपूर पाण्याने साबण निघून गेला, किंवा लिंबाचा थेंब पडला, की गेलेला हायड्रोजन परत येतो आणि डाग पुन्हा पिवळा होतो. म्हणजे हळद ही लिटमससारखीच एक दर्शक आहे.

कुंकवाची लाली मात्र लिंबाने जात नाही. उलट, जुन्या रीतीत हळकुंडे लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांत मुरवून, वाळवून दळतात. टाकणखारात बोरॉन हे मूलद्रव्य असते. आम्लाच्या सान्निध्यात बोरॉन करक्युमिनच्या रेणूंशी जोडला जातो आणि एक नवे तांबडे संयुग तयार होते. साबणाने आलेली लाली तात्पुरती, तर बोरॉनने आलेली लाली पक्की. दोन्ही रंग डोळ्यांना सारखे वाटले तरी त्यांची घडण वेगळी आहे. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा कुंकवात पिठासारखा पांढरा पदार्थ आणि कृत्रिम रंग यांचेही मिश्रण असते. त्यामुळे कुंकवाचे सगळे डाग सारखे वागत नाहीत.

डाग ओळखा, मग पाणी लावा

कोरडे कुंकू टोपीवर पडले तर प्रथम पाणी लावू नये. टोपी उलटी धरून झटकावी व मऊ ब्रशने पूड काढावी. पाणी लागले की रंग विरघळून धाग्यात शिरतो.

हळदीचा डाग असेल तर गार पाण्यात साबण लावून चोळावा. डाग लाल झाला तरी घाबरू नये. भरपूर पाण्याने खळबळून टोपी उन्हात वाळत घालावी. करक्युमिनचा रेणू उन्हात टिकत नाही. प्रकाशाने तो फुटतो आणि रंग उडतो. एका दिवसात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी जातो. धुण्याच्या सोड्याने जे साधत नाही ते ऊन फुकटात करते!

पंढरीच्या वाटेवर लागलेल्या बुक्क्याची गोष्ट निराळी. बुक्क्यात कोळशाची पूड असते. कोळसा म्हणजे कार्बन. तो ना पाण्यात विरघळतो, ना आम्लात, ना सोड्यात, आणि उन्हाने त्याचा रंगही उडत नाही. त्याचे बारीक कण धाग्यांत अडकलेले असतात, एवढेच. ते साबणाच्या फेसाने सुटे करून पाण्याबरोबर वाहून न्यावे लागतात. तेथे रसायनापेक्षा चोळणाऱ्या हाताचे काम अधिक.

घामाच्या पट्टीवर मीठ आणि तेलकट द्रव्य असे दोन्ही असते. मीठ पाण्यात जाते, तेल जात नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात आणि त्याला धाग्यावरून उचलतात. विहिरीचे पाणी दुष्फेन असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका बनवतात. हाच साका पांढऱ्या टोपीला करडेपणा आणतो.

विरंजक द्रव, म्हणजे ब्लीच, पांढऱ्या सुती टोपीसाठी पातळ करून चालते. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. लोकरीला ते कधीही लावू नये, कारण लोकर त्यात झिजते आणि विरघळते. आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एका डागापायी असे धाडस करू नये.

खळ आणि इस्त्री

गांधी टोपी पांढरी का? काका कालेलकरांनी आपल्या आठवणींत गांधीजींचा विचार नोंदवला आहे. आपल्या उष्ण देशात घाम फार येतो, म्हणून टोपी वरचेवर धुवावी लागते, आणि पांढऱ्या रंगावर मळ लगेच दिसतो. म्हणजे मळ लपू नये, हाच त्या रंगाचा गुण! पण धुतलेली टोपी लोळागोळा होते. तिला उभे करते ती खळ.

तांदळाची पेज, साबुदाणा किंवा मैदा यांची खळ करतात. या सर्वांत पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. गार पाण्यात पिष्टाचे कण तसेच तळाशी बसतात. पाणी सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते पाणी पिऊन फुगतात, त्यांतील लांब साखळ्यांचे रेणू बाहेर येतात आणि पाणी चिकट होते. अशा खळीत टोपी बुडवून वाळवली की धाग्यांभोवती आणि धाग्यांमध्ये पातळ पापुद्रा बसतो. पिष्ट आणि कापूस हे दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्यांचेच बनलेले आहेत, त्यामुळे त्यांचे हायड्रोजन बंधांनी चांगले जमते. घोंगडी विणणारेही धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. पदार्थ वेगळा, तत्त्व तेच.

इस्त्रीपूर्वी पाणी शिंपडतात ते उगाच नव्हे. कापसाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा आणि उष्णता मिळून हे बंध सैल करतात. त्याच वेळी इस्त्रीचा दाब धाग्यांना नवी जागा देतो. पाणी वाफ होऊन निघून गेले की नव्या जागी नवे बंध जुळतात आणि घडी धारदार राहते. पावसात भिजलेल्या टोपीची घडी मोडते, कारण पाणी ते बंध पुन्हा सोडवते.

लोकर का आटते?

आजोबांची लोकरीची कानटोपी कोणी कडक पाण्यात घालून खसखसून धुतली, तर ती नातवालाच बसते! सुती कापड आटते ते वेगळ्या कारणाने. विणताना ताणलेले धागे भिजल्यावर सैल होऊन मूळ लांबीवर येतात. म्हणून जाणता शिंपी कापड आधी भिजवून मग बेततो. ५६ सेंटिमीटर घेराची टोपी शेकडा ३ आटली तर घेर ५४.३ सेंटिमीटर उरतो आणि कपाळावर वळ उठतो.

लोकरीच्या केसावर कौलांसारखे खवले असतात. त्यांची तोंडे केसाच्या टोकाकडे असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट मात्र अडतो. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांनी असे हजारो केस एकमेकांत पुढे घुसतात, पण मागे येऊ शकत नाहीत. गुंता घट्ट होतो आणि कापड जाड व लहान होते. हा बदल परत फिरत नाही. म्हणून लोकरीची टोपी गार पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता दाबून धुवावी आणि पिळू नये.

हाच दोष दुसरीकडे गुण ठरतो. लोकर मुद्दाम अशी गुंतवून नमदा, म्हणजे बुरणूस, बनवतात. पाश्चात्त्य पद्धतीची फेल्ट हॅट अशाच लोकरीच्या किंवा सशाच्या केसांच्या नमद्याची असते. तिचा दबलेला आकार सुधारायचा तर किटलीच्या वाफेवर ती क्षणभर धरतात. वाफेने लोकरीतील प्रथिनांचे हायड्रोजन बंध सैल होतात. मग हॅट लाकडी साच्यावर बसवून पूर्ण गार व कोरडी होऊ देतात. गवती हॅट कोरडी असताना वाकवली तर तिच्या काड्या मोडतात. ओलसर फडक्याने तिला आधी मऊ करावे लागते, पण भिजवू मात्र नये.

सशाचे केस चांगले गुंतावेत म्हणून पूर्वी युरोप-अमेरिकेत त्यांना पाऱ्याचे नायट्रेट लावीत. त्याच्या वाफेने कारागिरांचे हात थरथरत, स्वभाव चिडका होई, स्मरणशक्ती जाई. इंग्रजीत हॅटवाल्याच्या वेडाची म्हणच पडली. अमेरिकेत हा वापर थांबला तो १९४१ साली. लोकांच्या डोक्यावरच्या ऐटीची किंमत कोणाच्या तरी मेंदूने चुकवली होती.

माप कसे जमवावे?

थोडी आटलेली सुती टोपी ओली असताना गोल डब्यावर चढवून वाळवावी. डबा केवढा घ्यावा? घेर ५६ हवा तर व्यास ५६ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे १७.८ सेंटिमीटर.

टोपी सैल असेल तर आतल्या पट्टीत कागदाची किंवा कापडाची घडी सर्व बाजूंनी सारखी घालतात. २ मिलिमीटर जाडीच्या घडीने घेर किती कमी होईल? त्रिज्या २ मिलिमीटरने घटते, म्हणून घेर २ × ३.१४ × २, म्हणजे सुमारे १२.५ मिलिमीटरने घटतो. गंमत अशी की यात डोक्याचे माप कोठेच येत नाही! बाळाचे डोके असो की पैलवानाचे, उत्तर तेच. पृथ्वीला विषुववृत्तावर टोपी घातली असती, तरी तेवढ्याच घडीने तिचा घेर तेवढाच कमी झाला असता.

करून पहा

गाळणकागदाला हळदीचे पाणी लावून वाळवा व त्याच्या तीन पट्ट्या करा. पहिलीवर साबणाचे पाणी टाका. ती लाल होईल. तिच्यावर लिंबू पिळा. ती पिवळी होईल. दुसरीवर कॅरमच्या बोरिक पावडरीचे द्रावण लावून ती वाळू द्या. तिला आलेली तांबूस छटा लिंबाने जाते का ते पहा. मग तिच्यावर धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाका. काळपट हिरवी छटा दिसली तर बोरॉन आहे असे समजावे. प्रयोगशाळेत बोरिक आम्ल ओळखण्याची ही जुनी कसोटी आहे. तिसरी पट्टी अर्धी झाकून चार दिवस उन्हात ठेवा. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, द्रावणे तोंडात जाऊ देऊ नका आणि शेवटी हात धुवा.

पुढच्या वेळी घरात डागाळलेली टोपी दिसली की धावत जाऊन साबण लावू नका. आधी विचारा, डाग कशाचा आहे आणि टोपी कशाची आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धी टोपी धुतली गेलीच.