जास्तीच्या ०.१५ व्होल्टचा घोळ

१९६६ साली आलेल्या मिनोल्टा एसआर-टी १०१ चं शटर आजही खटकन पडतं. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरची सुई हलवायला. तळाचं झाकण नाण्याने फिरवलं, की आत ६२५ मापाच्या बटणसेलची जागा दिसते. तो सेल पाऱ्याचा असे. पारा विषारी, म्हणून अमेरिकेने १९९६ मध्ये कायद्याने असे सेल बंद केले आणि पुढे ते सगळीकडूनच दिसेनासे झाले.

त्याच मापाचा अल्कलाइन सेल मात्र मिळतो, बसतोही चपखल. घोळ तिथेच होतो.

पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्ट देई आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेवढेच देत राही. मग एकदम मान टाके. मीटरचं गणित याच आकड्यावर बसवलेलं. कॅडमियम सल्फाइडच्या संवेदकावर उजेड वाढला, की त्याचा विद्युतरोध घटतो आणि सुई जास्त सरकते. पण व्होल्टेज वाढलं तरी ती सरकतेच! नव्या अल्कलाइनचे १.५ व्होल्ट मिळाले, की मीटरला सावलीतही ऊन भासतं, छायाचित्रकार छिद्र बारीक करतो आणि फोटो काळपट येतो. पुढे तोच सेल उतरत १.३५ च्या खाली गेला, की चूक उलट्या बाजूला. निगेटिव्ह फिल्म हे बरंचसं पोटात घालते. स्लाइड फिल्म नाही.

सिल्व्हर ऑक्साइडचा सेल स्थिर असतो, पण १.५५ व्होल्टवर. त्यासाठी डायोड बसवलेला अडॅप्टर मिळतो. महाग, पण एकदाच घ्यायचा. स्वस्तातला उपाय श्रवणयंत्रांच्या दुकानात आहे: ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल, सुमारे १.४ व्होल्टचा. तो ११.६ मिलिमीटर रुंद, जागा १५.६ ची, भोवती रबरी कडं घातलं, की काम भागतं. मात्र स्टिकर काढून हवा आत गेली, की तो काही महिन्यांतच सुकतो. स्टिकर परत चिकटवून फारसा उपयोग नाही.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना ही उठाठेव नको. त्याच्या मीटरचं ब्रिज सर्किट व्होल्टेजच्या फरकाला दाद देत नाही; योग्य मापाचा सिल्व्हर ऑक्साइड सेल सरळ चालतो.

जुन्या कॅमेऱ्यात मूळचा सेल अजून असेल, तर तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्यावा.