गोडसे भटजींच्या मागावर

ऑनलाइन तालिकांमधून पुस्तक कसे शोधावे हे कुणाला दाखवायचे झाले, तर मी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ काढतो. पुस्तक माहितीतले आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, 1857 च्या धामधुमीत अडकले, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी 1883 मध्ये ते सारे लिहून काढले आणि वैद्यांनी ते 1907 मध्ये छापले. नाव दोन शब्दांचे, लेखक प्रसिद्ध. अडायला काही कारणच दिसत नाही.

भाचीला एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ते हवे होते. “मामा, त्यात शोधायचं काय? गूगलवर आहे की,” म्हणत तिने नाव टाकले. मराठीत निम्म्या आत्मचरित्रांना आणि सगळ्या सत्कार समारंभांतल्या भाषणांना ‘माझा प्रवास’ हेच नाव असते, हे तिला पहिल्या पानावरच कळले. उद्योजकांचा प्रवास, अभिनेत्रींचा प्रवास, वजन कमी करण्याचा प्रवास. भटजी मध्येच कुठेतरी, तेही कुणीतरी लिहिलेल्या परिचयातून.

तालिकेचे तसे नसते. तिथे पुस्तकातला मजकूर शोधला जात नाही, पुस्तकाची नोंद शोधली जाते. ती नोंद कुणीतरी पुस्तक हातात घेऊन, शीर्षकपान उघडून, रकान्यारकान्यांत भरलेली असते : कर्ता, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, साल, पाने, विषय, बोधांक. आपल्याकडे बऱ्याच ग्रंथालयांत कोहा किंवा ई-ग्रंथालय ही प्रणाली असते. शोधचौकटीच्या शेजारी एक छोटी यादी असते, तिला सहसा कुणी हात लावत नाही. ती ‘सर्व’वरून ‘कर्ता’वर आणायची. भाचीने ‘गोडसे’ टाकले आणि गांधीहत्येवरची पुस्तके समोर आली. मग ‘विष्णुभट’. मग ‘गोडशे’, कारण आडनाव असेही लिहितात. मग ‘वरसईकर’. नोंद करणाऱ्याने यातले कोणते रूप मुख्य धरले, ते त्याच्या पद्धतीवर आणि कधीकधी त्या दिवशीच्या घाईवर अवलंबून. चांगल्या तालिकेत एका लेखकाची सगळी रूपे एकमेकांना बांधलेली असतात, कोणतेही टाका, त्याच माणसाकडे पोचता. मराठी नावांच्या बाबतीत हे काम फार थोड्या ठिकाणी झाले आहे.

खरी गंमत परदेशी तालिकांत. लायब्ररी ऑफ काँग्रेस किंवा वर्ल्डकॅटमध्ये मराठी पुस्तकाची नोंद रोमन लिपीत असते. देवनागरी रूप सोबत असले तर नशीब, जुन्या नोंदींत ते बहुधा नसतेच. आणि हे रोमन आपले नव्हे. आपण ‘माझा’मधल्या झला सरळ झेड लावतो, त्यांच्या नियमात तो जे-एच. शिवाय व्यंजनातला अ ते गाळत नाहीत, उच्चारात नसला तरी. म्हणून ‘प्रवास’च्या शेवटी एक ए जास्त, ‘केळकर’मध्ये तर ळ आणि र दोघांनाही एकेक. गोडसेंच्या डखाली टिंब असते, पण ते टाइप केले नाही तरी चालते. भाचीने ‘मझा प्रवास’ धाटणीचे तीन-चार रोमन अवतार करून पाहिले होते. शेवटचा ए लावल्यावर यादी उलगडली. हा एक ए संशोधनपद्धतीच्या पहिल्या तासाला शिकवायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

नोंद उघडल्यावर तिने लगेच ‘कुठे उपलब्ध’वर बोट ठेवले. मी तिला आधी विषयाच्या ओळीकडे वळवले. आपण ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणू, ‘सत्तावनचा उठाव’ म्हणू. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषययादीत ते ‘सिपॉय रिबेलियन’. पटो न पटो, त्या कपाटाची किल्ली ती आहे. त्या ओळीवर टिचकी मारली की एकाच विषयाची अनेक भाषांतली पुस्तके रांगेने येतात. या वाटेनेच गोडसेंची इतर रूपे गवसतात : अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा 2014 मधला इंग्रजी अनुवाद. आपल्याला ज्याचे नाव ठाऊक नाही ते पुस्तक विषयाच्या ओळीतून मिळते. शोधचौकट फक्त विचारलेल्याचे उत्तर देते.

मग आवृत्तीचा प्रश्न. 1907 च्या आवृत्तीत वैद्यांनी मूळ मजकुरात आणि भाषेत फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदारांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातले हस्तलिखित समोर ठेवून 1966 मध्ये वेगळी आवृत्ती काढली. भटजींची बोली अभ्यासायची आणि हातात वैद्यांची प्रत, तर अभ्यास वैद्यांचा होईल. तालिकेत हा फरक एवढाच दिसतो : संपादकाचे नाव आणि साल. परदेशात शोधताना 1966 हे साल सोयीचे आहे. अमेरिकेने धान्य दिले, त्याचे पैसे रुपयांत इथेच साठले, त्यातल्या काहींतून 1962 पासून भारतीय पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली गेली. तिकडून मिलो ज्वारी येत होती त्या काळात इथून मराठी पुस्तकेही बोटीने गेली. साठ-सत्तरच्या दशकांतले मराठी पुस्तक इथल्या जिल्हा ग्रंथालयात नसते आणि शिकागोत असते, ते यामुळे.

सालाच्या रकान्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पुस्तकांवर नुसता शक छापलेला असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79. काही नोंदींत शकच तसाच सालात भरलेला असतो, मग शके 1829 चे पुस्तक इंग्रजी 1829 चे होऊन बसते. वर्षाची चाळणी लावलीत की ते गळून पडते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

स्कॅन केलेली पुस्तके हे आणखी वेगळे रान आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे मूळ संकेतस्थळ बंद पडले, पण त्यातल्या लाखो पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. त्यांची नावे तिसऱ्याच रोमनमध्ये : दीर्घ आ म्हणजे दोन ए, ट आणि डच्या मागे स्वल्पविरामासारखी उभी खूण, ऋसाठी आर-एक्स. ‘महाराष्ट्र’ या पद्धतीने वाचून दाखवले तेव्हा भाची हसत सुटली. पण नियम कळला की हवे ते नाव स्वतः रचता येते. पहिली पाने चाळल्याशिवाय अशी प्रत उतरवून घेऊ नये. नोंद एका पुस्तकाची आणि आत भलतेच, असेही घडते. हाथीट्रस्टवर वेगळाच खेळ : जे पुस्तक उघडत नाही, त्यातही एखादा शब्द कोणत्या पानावर आहे ते समजते. अमेरिकेतल्या वाचकाला अथपासून इतिपर्यंत दिसणारी काही पुस्तके आपल्याला एवढीच दिसतात. पानांचे आकडे टिपून ठेवायचे आणि तेच पुस्तक इथल्या कपाटात गाठायचे.

या सगळ्यात माझ्या टेबलावर एक छापील ग्रंथ उघडा असतो, शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’. पहिला भाग 1943 चा, त्यात 1800 ते 1937 मधली पुस्तके. दुसरा 1961 चा, 1950 पर्यंतची. तालिका सांगते या ग्रंथालयात काय आहे, दाते सांगतात काय छापले गेले होते. वर्ल्डकॅटवर नाही म्हणजे पुस्तकच नाही, असा निकाल हल्लीची मुले फार चटकन देतात. दात्यांत नोंद असेल तर ते कधीतरी, कुठेतरी होते. मग ठाण्याच्या किंवा मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला, पुण्याच्या नगर वाचन मंदिराला विचारता येते.

विचारायचे म्हणजे फोन करायचा. भाचीने संगणकावर दिसलेला बोधांक, दाखल क्रमांक, संपादक, साल असे सगळे एका कागदावर उतरवले आणि एका ग्रंथालयाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी तिला दाखल क्रमांक तेवढा विचारला. “थांबा हं, बघते,” म्हणून त्या उठल्या, कारण ऑनलाइन नोंदीत ‘उपलब्ध’ असलेले पुस्तक बांधणीला गेलेले असू शकते आणि ते त्यांच्या वहीतच लिहिलेले असते. गेलेच होते. पंधरवड्याने या, म्हणाल्या, आणि येताना महाविद्यालयाचे पत्र आणा.