वटवाघळाला धोंडे, माव्याला मोकळे रान

शेतकरी बंधूंनो, सकाळी पेरूखाली अर्धवट खाल्लेली फळे दिसली की आपले डोके फिरते. मग धूर, फटाके, आणि वटवाघळे लटकलेल्या वडावर कुऱ्हाड चालवायची भाषा! त्याच दिवसांत करडईच्या शेंड्यांवर काळा मावा चढलेला असतो, तिकडे कोणी पाहत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत. आपल्या चारठाणा शिवारात असे होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

तसे दोघेही रस पिणारेच. वटवाघूळ फळ चावून रस गिळते, चोथा थुंकते. मावा कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून झाडाचा अन्नरस ओढतो. फरक आहे तो वाढीत. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. माव्याची मादी नराशिवायच जिवंत पिल्ले देते, आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः विऊ लागतात. शिवाय वटवाघूळ वड-उंबराचे बी दूरवर टाकते. मावा मागे ठेवतो चिकटा आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी.

मग करायचे काय? करडई सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा; उशिराच्या पेऱ्यावर मावा जास्त येतो. तो आधी कडेच्या ओळींवर दिसतो, म्हणून आठवड्यातून दोनदा धुऱ्यावरून फिरा. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ढालकिडे भरपूर दिसले तर विषारी औषधाची घाई नको. ते मावाच खातात.

वटवाघळांसाठी झाडावर जाळी टाका, फळांना पिशव्या बांधा, फळ पाडाला लागताच उतरवा. उष्टे फळ धुऊनही खाऊ नका, पोरांना देऊ नका. केरळात २०१८ साली निपाह विषाणूने माणसे दगावली, तो विषाणू फळखाऊ वटवाघळांतच राहतो.

सरपंच मंडळींनी एक ध्यानात घ्यावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. तेव्हा वन विभागाला विचारल्याशिवाय वटवाघळांच्या वडाला हात लावू नका. आणि संध्याकाळी आभाळाकडे पाहता तसे सकाळी करडईचा शेंडाही वाकवून पाहा.