बंपर पांढरं कधी झालं?

गेल्या मार्चमध्ये नानांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काळा चष्मा लावून ते लासलगावच्या घरी परतले. अंगणात पाऊल टाकताच थबकले आणि म्हणाले, "अरे, गाडीचं बंपर कोणी बदललं? आपलं तर काळंभोर होतं."

बदलले कोणीच नव्हते. उन्हात उभ्या राहून राहून गाडीचे बंपर, आरशांची कवचे, दारांवरच्या पट्ट्या सगळे राखेसारखे पांढुरके झाले होते. नानांना ते आता दिसले, एवढेच.

कांद्याच्या भावाने दिल्लीच्या निवडणुकीत सरकार पाडले ते १९९८ साल. त्या वर्षी चाळीत राखलेला कांदा विकून नानांनी ही वापरलेली मारुती ८०० घेतली. आमच्या बहिणीची पाठवणी याच गाडीतून झाली. आता घरात ती भंगारात देण्याचे बोलणे चालले होते. नानांच्या त्या प्रश्नानंतर मात्र मला तो विषय काढवेना.

आधी मी घरगुती उपाय केला. खोबरेल तेल चोळले. संध्याकाळी बंपर असे चकाकले की नाना खूश! दुसऱ्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावरची धूळ आणि कांद्याची टरफले त्यावर चिकटून बसली. शेवटी गावातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवले. त्याने बंपरवरून बोट फिरवले, बोटाला लागलेली पांढरी भुकटी मला दाखवली आणि म्हणाला, "दादा, हा मळ नाही. हे प्लॅस्टिकच झिजलंय."

त्याचे म्हणणे खरे होते. गाड्यांचे हे काळे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे अगदी बारीक काजळी मिसळतात. ती नुसती रंगासाठी नसते. उन्हातले अतिनील किरण ती स्वतः शोषून घेते. आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्याचे एक कारण हेच. तरीही वर्षांमागून वर्षे गेली की वरच्या थरातल्या प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात, बारीक भेगा पडतात. त्या खडबडीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि काळे पांढुरके दिसू लागते. किरणांचेही गंमतशीरच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली आमच्याच गावात 'कृषक' हे केंद्र उभारले, ते गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणे रोखण्यासाठी. तिथे किरण माल टिकवतात, इथे उन्हाचे किरण बंपर खातात.

मग उपाय काय? आधी साबणाचे पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन खाचाखोचांतली धूळ आणि जुने पॉलिश काढायचे. पूर्ण कोरडे होऊ द्यायचे. मग सावलीत, एका आडबाजूच्या कोपऱ्यावर आधी लावून पाहून, बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे पॉलिश स्पंजने पातळ लावायचे आणि जास्तीचे पुसून घ्यायचे. साधे पॉलिश पावसाने आणि धुण्याने उतरते; कायमचा रंग हवा तर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो, नाहीतर पोपडे निघतात. गरम हवेचा झोत मारूनही काळेपण येते, पण तेही काही दिवसांचेच. शिवाय झोत जरा जास्त वेळ एका जागी राहिला की बंपर वाकडे होते.

एका रविवारी मी बसलो. डोळ्यांत धूळ जायला नको म्हणून नाना लांब खुर्ची टाकून सूचना देत होते. दुपारी बंपर काळे झाले. नाना उठले, जवळ आले, त्यावरून हात फिरवला.

"रंग आला रे. पण हाताला खरखरीतच लागतंय."

खोटे बोलवले नाही. म्हटले, "झिजलेलं परत भरून येत नाही, नाना. हे वरून लावलंय. दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल."

"मग लावू की! चाळ तरी एकदा शाकारून भागते का? आणि गाडी आता त्या कडुनिंबाखाली घे. मला काळा चष्मा दिला डॉक्टरांनी, तिला निदान सावली तरी दे."

गाडी कडुनिंबाखाली गेली. भंगाराचा विषय निघाला नाही. पॉलिशची बाटली नानांनी आपल्या डोळ्यांच्या थेंबांशेजारी फळीवर ठेवली आहे, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच, चष्मा न लावता, लिहिली आहे.