मत देऊन काय होणार?

निवडणूक जवळ आली की कट्ट्यावर, न्हाव्याच्या दुकानात आणि लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हटकून कानावर येते : ‘मत देऊन काय होणार? कोठेही जा, पळसाला पाने तीनच!’ असे म्हणणारा गृहस्थ बहुधा अडाणी नसतो. तो रोजचे वर्तमानपत्र वाचतो, घरपट्टी मुदतीत भरतो आणि शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जातो. अशा माणसाला ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ एवढे ऐकवून त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. शंका विचारपूर्वक घेतलेली असेल, तर उत्तरही विचारपूर्वकच दिले पाहिजे. म्हणून उपदेश बाजूस ठेवून त्याचे आक्षेप क्रमाने तपासावेत, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की या उदासीनतेस सबळ कारणे आहेत. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. तरी २०१९ ते २०२३ या चार वर्षांत महाराष्ट्राच्या मतदाराने जे पाहिले, त्यात ज्यांच्या विरोधात मत मागितले त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसणे होते, आणि पक्षांची उभी शकलेही होती. निवडणुकीच्या आदल्या रात्रीच्या ‘लक्ष्मीदर्शना’च्या कथा तर गावोगाव सांगतात. हे सारे पाहून मन विटले, तर तो दोष मतदाराचा नव्हे. प्रश्न एवढाच की, मन विटल्यावर घरी बसल्याने यातील कोणती गोष्ट सुधारते?

पहिला आक्षेप गणिताचा आहे. लाखो मतांत माझ्या एका मताची किंमत ती काय? यावर काही दाखले देता येतात. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात मुख्यमंत्रिपदासाठी ज्यांचे नाव घेतले जात होते, ते उमेदवार अवघ्या एका मताने पराभूत झाले. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच मतदारसंघात सात लाखांहून अधिक मतदार त्या दिवशी मतदानाला गेले नव्हते!

परंतु अशा अटीतटीच्या लढती थोड्या, हे आम्हीही जाणतो. केवळ त्यांच्या आधारावर युक्तिवाद उभा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खरे उत्तर निराळे आहे. मताने उमेदवार निवडला जातो हे खरे. त्याचबरोबर मताने मतदारही मोजला जातो. आपण कोणाला मत दिले हे गुप्त असते. पण आपण मत दिले की नाही, हे गुप्त नसते. केंद्रावर यादीतील नावापुढे खूण होते, आणि निकालानंतर प्रत्येक केंद्रावर कोणास किती मते पडली, याचे आकडे उपलब्ध होतात. निवडणूक लढविणारे लोक हे आकडे वाण्याने चोपडी वाचावी तसे वाचतात. कोणती पेठ मतदानाला उतरते आणि कोणती सोसायटी सुटी साधून गावाबाहेर जाते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पुढे नळाला पाणी कोठे आधी यावे आणि रस्ता कोणता आधी दुरुस्त व्हावा हे ठरताना ही चोपडी कोणी विसरत नाही. जो मत देत नाही, त्याची नाराजी कितीही खरी असली तरी त्या चोपडीत तिची नोंद शून्य अशीच होते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. दक्षिण मुंबईत ते सुमारे ५० टक्के होते, आणि पुण्यात निम्म्याहून थोडेसेच अधिक. जेथे जंगलाची वाट तुडवावी लागते आणि नक्षलवाद्यांचे भय असते, तेथील आदिवासी बाई केंद्रावर पोहोचते. आणि जेथे केंद्र दोन गल्ल्या ओलांडून आहे, तेथील सुशिक्षित नागरिक ‘काय होणार?’ असे विचारतो. राजकारणाचा अनुभव दोघांनाही सारखाच कडू आहे. मग हा फरक कशाचा, याचा शहरवासीयांनी विचार करावा.

दुसरा आक्षेप असा की, सगळेच एका माळेचे मणी. निवडून कोणीही आला तरी फरक पडत नाही. येथे महाराष्ट्राने आपलाच इतिहास आठवावा. १९५६ साली मराठी जनतेची मागणी डावलून द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापन झाले. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, गोळीबारात माणसे बळी पडली. परंतु ‘ही चार चळवळ्यांची ओरड आहे’ असे म्हणण्यास दिल्लीला वाव होता, तो १९५७ च्या निवडणुकीने काढून घेतला. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने सत्तारूढ पक्षाची दाणादाण उडविली. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारख्या ज्येष्ठ नेत्याचा ना. ग. गोरे यांनी पराभव केला. राज्यातील बहुमत सत्तारूढ पक्षाकडेच राहिले. म्हणजे वरवर पाहता समिती हरली. तरीही मतपेटीतून निघालेला तो आकडा पुसता येईना, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. रक्त सांडले त्यांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. चळवळीने मागणी उभी केली आणि मताने तिचे वजन सिद्ध केले, एवढेच आमचे म्हणणे. हरलेले मतही वाया जात नाही, याचा याहून जवळचा दाखला कोणता?

पुढे १९७७ साली आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत मतदारांनी केंद्रातील सत्ता उलथवली. पंतप्रधान स्वतः पराभूत झाल्या. आणि तीन वर्षांत नव्या राज्यकर्त्यांची भांडणे पाहून त्याच मतदारांनी १९८० साली त्यांनाही घरी पाठविले. या दोन्ही वेळी मतदाराला देवदूत मिळाले नाहीत. पण शस्त्र न उचलता राज्यकर्ते बदलता येतात, हे राज्यकर्त्यांना कळले. हे भय त्यांच्या मनात जिवंत ठेवणे हेच मताचे मुख्य कार्य आहे. सर्वोत्तम माणूस निवडण्याची संधी क्वचित मिळते. वाइटाला दूर ठेवण्याची मात्र वारंवार मिळते. दगडापेक्षा वीट मऊ, हे संसारी माणसाचे शहाणपण राजकारणातही टाकाऊ नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. मते विकत घेतली जातात, तर आपल्या स्वच्छ मताला कोण विचारतो? येथे साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. एका मतदारसंघात एक लाख मतदार आहेत आणि त्यांतील दहा हजार विकले गेले आहेत, असे धरा. पैसे घेतलेला मतदार सहसा घरी राहत नाही. मतदान पन्नास हजार झाले, तर विकलेली मते पाचवा हिस्सा ठरतात. ऐंशी हजार झाले, तर आठवा. म्हणजे जो प्रामाणिक माणूस पैशाच्या राजकारणाला कंटाळून घरी बसतो, तो नकळत त्या पैशाचे वजन वाढवितो.

‘पण उमेदवारच पसंत नसतील तर?’ यासाठीही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असा पर्याय यंत्रावर आला. विधानसभा-लोकसभेच्या निकालावर त्याचा परिणाम होत नाही, हे खरे. तथापि घरी बसलेल्याला आळशी म्हणता येते. रांगेत उभे राहून नापसंती नोंदविणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. शिवाय प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावे लागते. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. त्यातील घटकाभर वेळ या शपथपत्राला द्यावा.

मत नसले म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या शहरांनी नुकताच घेतला आहे. मुंबई-पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकांनी पाहिला. अधिकारी चांगला असेल, वाईट असेल; पण गटार तुंबले तर ज्याच्या दारात जाऊन ‘पुढच्या वेळी बघून घेऊ’ म्हणावे, असा माणूस प्रभागात उरला नव्हता. नगरसेवकाला नावे ठेवणारे लोकही त्या काळात ‘नगरसेवक असता तर...’ असे म्हणू लागले!

हा अधिकार फार जुना नाही, हेही ध्यानात असावे. इंग्रजी अमलात मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर मोजला जाई. बहुसंख्य कष्टकरी आणि स्त्रिया त्याबाहेर होत्या. प्रत्येक प्रौढास मत असावे, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे धरला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ यापलीकडे स्वतःचे नाव नोंदविण्यास त्या तयार नव्हत्या. तेव्हापासून आजवर घरोघरच्या बायका स्वतःच्या नावाने रांगेत उभ्या राहू लागल्या, हा बदल लहान नव्हे. १९८९ पासून तर अठरा वर्षांच्या मुलामुलींनाही हा हक्क आहे.

मत दिल्याने सर्व काही साधते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि समाजात मात्र विषमता, या विसंगतीचा इशारा डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९ मध्येच दिला होता. मतानंतरची पाच वर्षे सभेला जाणे, प्रश्न विचारणे, अर्ज करणे, पाठपुरावा करणे हे काम उरतेच. पण त्या कामाला बळ येते ते मतामुळे. ज्याच्याकडून काही घेणे नाही आणि ज्याला काही देणे नाही, त्याचे गाऱ्हाणे कोणीही मनावर घेत नाही.

तेव्हा निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आपले, घरातल्यांचे आणि नुकती अठरा पूर्ण केलेल्या मुलांचे नाव यादीत आहे ना, हे आजच पाहावे. नसल्यास सहा क्रमांकाचा अर्ज भरावा. नाव नोंदविण्यासाठी आता वर्षातून चार पात्रता-दिनांक धरले जातात. ‘मत देऊन काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर दरवेळी आपल्या मनासारखे येईलच असे नाही. परंतु मत न देऊन काय होते, हे मात्र निश्चित सांगता येते : आपल्या वाटचा निर्णय दुसराच कोणी घेतो, आणि तो पाळावा मात्र आपल्याला लागतो.