एकच चित्रपट, दोन संहिता : साखळी-चित्रपटगृहांतील जपानी ॲनिमेशनपट

एखाद्या कादंबरीची दोन भाषांतरे अभ्यासकाला शेजारी ठेवून वाचता येतात; चित्रपटगृहात अशी सोय सहसा नसते. या दृष्टीने अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झालेला ‘स्टुडिओ जिब्ली फेस्ट’ हा उपक्रम तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा आहे. एएमसी, रीगल, सिनेमार्क अशा मोठ्या साखळ्यांच्या पडद्यांवर त्यात एकच चित्रपट काही दिवस इंग्रजीत डब केलेला, तर काही दिवस मूळ जपानी ध्वनी व इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला जातो. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा एका अर्थी भाषांतराचीही निवड करीत असतो.

या दोहोंपैकी उपशीर्षकांची प्रत अस्सल आणि डब केलेली प्रत नक्कल, ही समजूत तपासून घ्यावी लागते. जपानी ॲनिमेशनमध्ये आवाज बहुधा चित्रांकनानंतर ध्वनिमुद्रित होतो. म्हणजे मूळ आवाजही रेखाटलेल्या ओठांवर नंतरच चढवलेला असतो. प्रश्न अस्सलतेचा नसून संहितेत काय बदलते याचा आहे.

हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) याचे चांगले उदाहरण आहे. जादूगारीण युबाबा चिहिरोच्या नावातील एकच चित्राक्षर शिल्लक ठेवते. ते एकटे वाचले की त्याचा उच्चार ‘सेन’ होतो. नावाची ही चोरी लिपीत घडते, म्हणून डबिंग आणि उपशीर्षके दोन्ही तिच्यापुढे अपुरी पडतात. जपानी शीर्षकात ही दोन्ही नावे आहेत; इंग्रजी शीर्षकात एकही नाही.

अन्यत्र मात्र दोन प्रती वेगळ्या होतात. दारावरच्या कापडी पडद्यावरील अक्षरावरून जपानी प्रेक्षक सार्वजनिक स्नानगृह ओळखतो. डिस्नेने २००२ मध्ये प्रदर्शित केलेल्या इंग्रजी प्रतीत ती माहिती चिहिरोच्या तोंडी घातली आहे. शेवटी मूळ प्रत मौन पाळते, तर इंग्रजी प्रतीत वडील नव्या घराचा व शाळेचा विषय काढतात आणि मुलगी आपण निभावून नेऊ असा विश्वास देते. पहिली भर सांस्कृतिक टीप आहे. दुसरी मात्र अर्थनिर्णय आहे. मुलीला काय आठवते, ती किती बदलली, हे मूळ कृतीने खुले ठेवले होते. इंग्रजी प्रतीने ते वयात येण्याच्या कथेचे निश्चित फलित करून टाकले.

भारतातही हा प्रश्न आता मल्टिप्लेक्समध्ये येऊन पोहोचला आहे. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ चाहत्यांच्या ऑनलाइन स्वाक्षरी-मोहिमेनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये येथे जपानी ध्वनी व इंग्रजी उपशीर्षकांसह प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ जपानीखेरीज इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांत लागला. या यादीत मराठी नव्हती. परिणामी मुंबई-पुण्याच्या मराठी प्रेक्षकाला जपानी कथा इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या मध्यस्थीनेच भेटली. भारतीय भाषांतील बरीचशी जपानी कथा-कादंबरी ज्या वाटेने आली, तीच ही वाट आहे. ग्रहणाचा इतिहास लिहिताना म्हणूनच चित्रपटगृहाचे वेळापत्रकही साधन मानावे लागेल : कोणत्या भाषेला किती खेळ मिळाले आणि कोणत्या भाषेला एकही मिळाला नाही, याची नोंद त्यातच असते.