पायथन म्हणजे नेमका कोणता पायथन?

महाडजवळच्या दासगावावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याला कित्येक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 17 असे म्हटले जात असे. 2010 मध्ये देशभरातील महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरवण्यात आले, तेव्हा हा रस्ता महामार्ग क्रमांक 66 चा भाग झाला आणि 17 हा क्रमांक पश्चिम बंगालमधून आसामकडे जाणाऱ्या वेगळ्याच रस्त्याच्या वाट्याला गेला. रस्ते जागचे हलले नाहीत, बदलली ती फक्त यादी. तरीही जुनी यादी हाती धरणारा माणूस ‘सतरा’ शोधत महाडला पोहोचेल आणि नवी यादी पाहणारा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. एकाच संगणकावर एखाद्या संगणकभाषेच्या दोन-तीन आवृत्त्या नांदू लागल्या की जो घोटाळा उडतो, तो जवळपास याच जातीचा असतो. आवृत्त्या एकमेकींशी सहसा भांडत नाहीत, भांडण असते ते त्यांच्या सामाईक नावाचे. ते नाव उच्चारले असता कोणी ‘ओ’ द्यायची, एवढाच वादाचा मुद्दा असतो.

पायथन, जावा किंवा सी++ या भाषांत लिहिलेला मजकूर संगणकाला थेट कळत नाही. तो वाचून ओळीमागून ओळ अमलात आणणारा, किंवा त्या सबंध मजकुराचे आधीच यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा, असा एक मध्यस्थ प्रोग्राम लागतो; पहिल्या प्रकारच्या मध्यस्थाला इंटरप्रिटर आणि दुसऱ्या प्रकारच्या मध्यस्थाला कंपायलर म्हणतात. भाषेत भर पडली, जुन्या गोष्टी वगळल्या गेल्या, की हा मध्यस्थही नव्याने निघतो आणि त्याला नवा क्रमांक मिळतो, तीच त्याची आवृत्ती. पायथनची नवी आवृत्ती अलीकडे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे दुरुस्त्या पुरवल्या जातात, त्यामुळे कोणत्याही दिवशी चार-पाच आवृत्त्या अधिकृतपणे चालू असतात. मुदत उलटूनही कोणाच्या ना कोणाच्या संगणकावर टिकून राहिलेल्या आवृत्त्या वेगळ्याच.

दासगावसारख्या ठिकाणी घरात एकच लॅपटॉप असणे आणि तो भावंडांनी वाटून वापरणे यात नवल काही नाही. समजा, थोरली बहीण त्याच महामार्गावरील लोणेरे येथे, 1989 च्या कायद्याने स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकते आहे आणि तिच्या प्रकल्पातील एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला आयता वापरण्याजोगा प्रोग्रामसंच, पायथनच्या ताज्या आवृत्तीवर अजून चालत नाही. धाकटा भाऊ राज्य तंत्रशिक्षण मंडळाची पदविका करतो आहे आणि घरी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे पाहून सराव करतो. या प्रकल्पातील अनेक धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत, आणि धडा कोणत्या कार्यप्रणालीवर, कोणत्या आवृत्तीवर ध्वनिचित्रित केला हे सुरुवातीलाच सांगण्याची त्यांची पद्धत इतरांनी उचलावी इतकी चांगली आहे. पायथनच्या एका मालिकेच्या तर नावातच 3.4.3 हा क्रमांक आहे. पण 3.4 ला मिळणाऱ्या दुरुस्त्या 2019 मध्येच थांबल्या, आणि 2023 मध्ये आलेल्या 3.12 मधून तर जुन्या पॅकेजांना, म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेल्या लायब्ररींना, लागणारा ‘डिस्टयुटिल्स’ नावाचा भागच काढून टाकण्यात आला. बहिणीला एक आवृत्ती हवी, भावाला दुसरी, आणि दोघांचेही खरे आहे.

महाराष्ट्रातील संगणकशिक्षणात या प्रश्नाचे एक जुने आणि काहीसे विनोदी रूप टर्बो सी++ च्या निमित्ताने पाहायला मिळाले. बोरलँड कंपनीचा हा कंपायलर 1990 च्या दशकाच्या आरंभीचा, तर सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक 1998 मधले. म्हणजे भाषेचे नियम पक्के होण्याच्या आधीच हा मध्यस्थ तयार झालेला होता. तरीही त्यानंतरची कैक वर्षे असंख्य महाविद्यालयांत मुले त्याच निळ्या पडद्यावर सी++ शिकत राहिली. त्या जुन्या बोलीत शिकलेला प्रोग्राम आजच्या कंपायलरला दिला की तो पहिल्याच ओळीवर अडतो, कारण तेव्हा आरंभी ज्या फाइलचा उल्लेख करावा लागे तिचे नावच पुढे बदलले. याहून फसवा फरक आकड्यांचा आहे. टर्बो सी++ पूर्णांकासाठी 16 बिट, म्हणजे 32,767 पर्यंतचाच आकडा मावेल इतकी जागा ठेवतो. त्यामुळे 200 गुणिले 200 हा साधा गुणाकार त्यात साठवला की उत्तर 40,000 न येता उणे 25,536 असे येते, आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. आजचा कंपायलर 32 बिट वापरतो आणि 40,000 हेच उत्तर देतो.

पुढे 64 बिटांचे विंडोज आले आणि त्यावर हा जुना 16 बिटांचा कंपायलर चालेनासा झाला, तेव्हा ‘डॉसबॉक्स’ नावाच्या प्रोग्रामचा आधार घेण्यात आला, जो नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाची नक्कल उभी करतो आणि जुन्या कंपायलरला आपण आपल्याच काळात आहोत असे भासवतो. 2026 सालच्या मुलाला 1992 सालची बोली शिकवण्याचे समर्थन करणे अवघड आहे. मात्र ज्या प्रयोगशाळा-साहाय्यकांनी हा खटाटोप करून दाखवला त्यांनी आवृत्त्या वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व नाव न घेता अमलात आणले होते, हेही मान्य करायला हवे.

पायथनच्या जगात असाच खंड 2 आणि 3 या आवृत्त्यांमध्ये पडला. 3 डिसेंबर 2008 रोजी पायथन 3.0 प्रसिद्ध झाला तो जुन्या प्रोग्रामांशी जुळवून घेणार नाही असे उघड सांगूनच, आणि पायथन 2 ची मुदत 1 जानेवारी 2020 रोजी संपली. मधली अकरा वर्षे दोन्ही आवृत्त्या असंख्य संगणकांवर शेजारी-शेजारी राहिल्या. त्यांच्यातला फरक मराठी वाचकाला एका गावाच्या नावावरून दाखवता येतो. ‘दासगाव’ या शब्दाची लांबी किती, असे पायथन 2 ला साध्या पद्धतीने विचारले तर, मजकूर सध्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवलेला असल्यास, तो 18 असे सांगतो, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि तो बाइट मोजत बसतो. पायथन 3 चिन्हे मोजतो आणि 6 असे सांगतो: द, काना, स, ग, काना, व. शाळेतले पोर मात्र दा, स, गा, व अशी चारच अक्षरे मोजेल. तिघांपैकी कोणीही चुकलेला नाही, मोजण्याचे एकक तेवढे वेगळे आहे. पण मराठी नावांची यादी रकान्यात बसवणारा प्रोग्राम 6 गृहीत धरून लिहिला असेल आणि नकळत पायथन 2 वर चालवला गेला, तर सारे रकाने विस्कटतात. भागाकारातही तसेच. 7 भागिले 2 याचे उत्तर जुनी आवृत्ती 3 देते आणि नवी 3.5.

प्रोग्राम नकळत भलत्या आवृत्तीवर कसा चालतो, हे समजण्यासाठी ‘पाथ’ म्हणून ओळखली जाणारी यादी पाहावी लागते. कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल या काळ्या खिडकीत नुसता ‘पायथन’ असा शब्द टंकला की संगणक सगळी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याजवळ फोल्डरांच्या पत्त्यांची एक क्रमवार यादी असते, ती तो वरून खाली पाहत जातो, आणि ज्या फोल्डरमध्ये त्या नावाचा प्रोग्राम प्रथम सापडेल तो चालवून मोकळा होतो. खालच्या फोल्डरांत त्याच नावाचे आणखी चार प्रोग्राम असले तरी त्यांची पाळी येतच नाही. नवी आवृत्ती इन्स्टॉल करूनही जुनीच का बोलते, या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुधा येथे असते. विंडोजमध्ये सर्व वापरकर्त्यांसाठीची यादी आधी आणि विशिष्ट वापरकर्त्याची नंतर पाहिली जाते, म्हणून केवळ स्वतःपुरती बसवलेली नवी आवृत्ती सर्वांसाठी बसवलेल्या जुन्या आवृत्तीच्या मागे उभी राहते. शिवाय यादी बदलली तरी आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते, ती बंद करून पुन्हा उघडावी लागते. विंडोज 10 पासून आणखी एक गंमत आहे: पायथन बसवलेलाच नसला तरी ते नाव टंकल्यावर मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडते, कारण त्या नावाची एक पोकळ पाटी यादीतल्या एका फोल्डरमध्ये आधीच लावून ठेवलेली असते.

म्हणून आधी कोण उत्तर देतो आहे हे विचारावे. विंडोजमध्ये ‘व्हेअर’ ही आज्ञा आणि लिनक्समध्ये ‘विच’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. विंडोजची आज्ञा तर त्या नावाचे सगळे प्रोग्राम ज्या क्रमाने सापडतील त्याच क्रमाने मांडते. पायथनमध्ये पॅकेजे बसवणारा ‘पिप’ हा मदतनीस स्वतंत्र नावाने वावरतो, आणि तो कोणत्या पायथनचा आहे हेही तपासावे लागते, कारण पिप 3.8 चा आणि प्रोग्राम चालवणारा पायथन 3.12 चा असला की पॅकेज यशस्वीरीत्या बसल्याची खूणही मिळते आणि पुढच्याच क्षणी ते सापडत नाही अशी तक्रारही येते. हव्या त्या पायथनलाच हाक मारून त्याच्याकरवी पिप चालवला, तर ही चुकामूक होत नाही.

या टप्प्यावर अनेकांचा हात ‘जुनी आवृत्ती काढून टाका’ या उपायाकडे जातो, आणि तो सर्वांत वाईट उपाय आहे. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींत पायथन हा वापरकर्त्याच्या सोयीसाठी ठेवलेला नसून प्रणालीची स्वतःची कित्येक साधने त्यावर उभी असतात. तो उपटला तर सॉफ्टवेअर बसवणारी यंत्रणा, क्वचित पडद्यावरची सारी मांडणीही कोलमडते. पुढे पुढे तर या प्रणालींनी आपल्या पायथनमध्ये पिपने परस्पर ढवळाढवळ करण्यास मनाई केली, आणि तसा प्रयत्न केल्यास हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते अशा अर्थाचा नकार येतो. त्या नकाराला बगल देणारी युक्ती आंतरजालावर लगेच सापडते; ती न वापरलेली बरी.

बरा मार्ग म्हणजे प्रत्येक कामाला त्याचे वेगळे बिऱ्हाड करून देणे. 2012 मधील 3.3 या आवृत्तीपासून पायथनसोबतच ‘वेन्व्ह’ नावाची सोय येते, जी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक छोटे स्वतंत्र वातावरण तयार करते. ते सुरू केले की त्या खिडकीपुरते त्याचे फोल्डर पाथच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसते, आणि मग ‘पायथन’ म्हटले की त्याच वातावरणातला पायथन आणि ‘पिप’ म्हटले की त्याचाच पिप पुढे येतो. बहिणीच्या प्रकल्पाची पॅकेजे भावाच्या सरावात मिसळत नाहीत. मात्र वेन्व्ह नवी आवृत्ती आणून देत नाही, असलेल्यांपैकी एकीवर उभे राहते. म्हणून विंडोजवर आधी दोन्ही आवृत्त्या रीतसर बसवाव्यात आणि वातावरण तयार करताना ‘पीवाय’ या छोट्या आज्ञेपुढे हवा तो क्रमांक लिहावा. लिनक्स व मॅक संगणकांवर ‘पायएन्व्ह’ हे साधन अनेक आवृत्त्या सांभाळते आणि प्रकल्पाच्या फोल्डरमधील एका ओळीच्या फाइलीत लिहिलेला क्रमांक वाचून योग्य ती पुढे करते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी ‘एनव्हीएम’ आणि रुबी या भाषेसाठी ‘आरबीएन्व्ह’ ही त्याच जातकुळीची साधने. जावाची कथा थोडी वेगळी, कारण तेथे नव्या आवृत्तीने रूपांतरित केलेल्या फाइलीवर तिचा क्रमांक कोरलेला असतो आणि जुनी जावा ती उघडायलाच नकार देते. निदान चुकीचे उत्तर तरी देत नाही.

बिऱ्हाड हलवण्याची वेळ येते तेव्हा एक चूक हमखास होते. दासगावच्या घरी तयार केलेले वातावरण फोल्डरसकट पेन ड्राइव्हवर घेऊन लोणेऱ्याच्या प्रयोगशाळेतील संगणकावर उतरवले, तर ते चालत नाही, कारण मूळ पायथन घरच्या संगणकावर कोठे आहे त्याचा पूर्ण पत्ता त्या फोल्डरमध्ये लिहिलेला असतो आणि प्रयोगशाळेत तो पत्ताच नसतो. न्यायची असते ती पॅकेजांची क्रमांकासह यादी, जी पिप स्वतःच लिहून देतो; तिच्यावरून दुसऱ्या ठिकाणी नवे वातावरण उभारता येते. घरी इंटरनेट भरवशाचे नसेल, पावसाळ्यात बहुधा नसतेच, तर उलट दिशेने जावे: प्रयोगशाळेत सर्व पॅकेजे आधी नुसती उतरवून घ्यावीत आणि घरी त्या फाइलींवरूनच बसवावीत. त्या वेळी फाइलींची नावे वाचून पाहावीत. ज्या पॅकेजात यंत्रभाषेत रूपांतरित केलेला भाग असतो त्याच्या लांबलचक नावात ‘सीपी311’ असा तुकडा असतो, म्हणजे ती फाइल पायथन 3.11 साठी आहे, आणि त्यापुढे विंडोज की लिनक्स हेही लिहिलेले असते. घरच्या लॅपटॉपवर 3.12 असेल तर ती फाइल पेन ड्राइव्हवरच राहील.